आवाजावरून उंची नाही, गाव कळतं

परवा एका क्राइम सिरीयलमध्ये खंडणीचा फोन कॉम्प्युटरला ऐकवला आणि स्क्रीनवर लगेच, पुरुष, वय 35, उंची 5 फूट 9 इंच. पत्रिकाच काढायची बाकी होती.

आवाज तयार कसा होतो बघा. स्वरतंतू थरथरतात, पुरुषांचे सेकंदाला साधारण 100-120 वेळा, बायकांचे 200 च्या आसपास, पण ती नुसती भुणभुण. तिचा 'आ' किंवा 'ई' होतो तो घशापासून ओठांपर्यंतच्या नळीत. लहानपणी पेनाचं टोपण ओठाला लावून शिट्टी वाजवायचो ना, तशीच ही एका टोकाला बंद नळी. पुरुषांत लांबी 17 सेंटिमीटर धरा, आवाजाचा वेग सेकंदाला 340 मीटर, त्याला लांबीच्या चौपटीने भागलं की 500 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 500 कंपनं. हा नळीचा पहिला अनुनाद, म्हणजे ज्या कंपनाला नळी जोरात घुमते तो, आणि पुढचे अनुनाद त्याच्या तिप्पट, पाचपट, म्हणजे 1500, 2500. हेच फॉर्मंट. जीभ हलली की ते सरकतात, 'ई' म्हणताना पहिला 300 च्या जवळ उतरतो, दुसरा 2000 च्या वर चढतो.

मग नळीवरून उंची काढा की! पण मोठ्या माणसांत हा संबंध फारच सैल, नुसते ओठ पुढे काढले तरी नळी लांब होते. त्यात साधा फोन 300 ते 3400 हर्ट्झ एवढंच पुढे पाठवतो, म्हणजे 'ई'चा पहिला फॉर्मंट नेमका कात्रीत सापडतो आणि मोजताना आहे त्यापेक्षा वर दिसतो.

जिभेच्या सवयी मात्र लपत नाहीत. 'डोळा'चा 'डोया' झाला की वऱ्हाड कळतंच ना आपल्याला.

1979 मध्ये इंग्लंडात यॉर्कशायरच्या पोलिसांना एक टेप आली, तिथे बायकांचे एकामागून एक खून पडत होते, आणि ते करणारा तो मीच, असं टेपमध्ये एक माणूस सांगत होता. लीड्स विद्यापीठातले बोलीभाषातज्ज्ञ स्टॅन्ले एलिस यांनी ती ऐकून सांगितलं, हा यॉर्कशायरचा नाही, त्याच्या उत्तरेकडच्या संडरलंड शहराच्या कॅसलटाउन भागातला. पोलिसांनी मग तसा हेल नसलेले संशयित बाजूला काढायला सुरुवात केली, ही थाप असू शकते असं एलिसच सांगत होते तरी. खरा खुनी पीटर सटक्लिफ यॉर्कशायरमधल्याच ब्रॅडफर्डकडचा, त्याची चौकशी कितीदा तरी होऊन तो सुटत राहिला आणि सापडला थेट जानेवारी 1981 मध्ये.

टेपवाला 2005 मध्ये त्याने पाठवलेल्या पाकिटाच्या डिंकावरच्या डीएनएवरून मिळाला. निघाला संडरलंडचाच.