असईचे रणक्षेत्र : दोन नद्यांमधली जागा आणि उताराचा वाद

१८०३ साली शिंदे-भोसल्यांच्या मराठी फौजेची इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीशी लढाई झाली ते असईचे रणक्षेत्र शोधायला निघालेला माणूस बहुधा नावांवरच अडतो. लढाईच्या इंग्रजी नकाशात दिसणारी ‘कैटना’ नावाची नदी जालना जिल्ह्यात कोणालाच ठाऊक नाही. ती म्हणजे आपली केळणा, भोकरदनवरून वाहत येणारी. तिच्या उत्तरेची ‘जुआ’ म्हणजे जुई. ‘बोरकरदन’ हे भोकरदन, ‘नॉल्निया’ ही नळणी, ‘वरूर’ हे वरूड. कंपनीच्या अंमलदारांनी कानावर पडले तसे लिहिले, त्यात नवल नाही. पण पुढे मराठी लिखाणातही हीच नावे इंग्रजीवरून उलटी येत गेली आणि ‘असाये’, ‘कैतना’ असे शब्द रूढ झाले. गावात जाऊन कैतना विचारली तर लोक दुसऱ्या तालुक्याकडे बोट दाखवतील.

वसईच्या तहापासून १८०३च्या युद्धापर्यंतचे राजकारण वाचकांना माहीत आहे. ते सोडून देऊ. २३ सप्टेंबर १८०३ला शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची फौज केळणेच्या उत्तर काठावर, भोकरदनपासून पूर्वेला असईपर्यंत पसरली होती. कंपनीच्या दोन फौजा वेगवेगळ्या वाटांनी येऊन २४ तारखेला एकत्र हल्ला करणार होत्या. त्यांपैकी एक आदल्या दिवशीच, सुमारे २२ किलोमीटर चालून, नळणीला पोचली. तिथे कळले की शत्रू अगदी जवळ आहे. पुढे वॉटर्लू जिंकणाऱ्या तिच्या ३४ वर्षांच्या जनरलने, आर्थर वेलस्लीने, दुसऱ्या फौजेची वाट पाहिली नाही.

इथून पुढे सगळा वाद एका उताराचा, म्हणजे नदी पायी ओलांडता येईल अशा उथळ जागेचा.

मराठ्यांच्या तोफा आणि कंपू, म्हणजे युरोपीय पद्धतीने कवायत शिकवलेल्या पायदळाच्या तुकड्या, दक्षिणेला, नदीकडे तोंड करून उभे होते. त्यांच्या डाव्या बगलेच्याही पूर्वेला पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे नदीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत. कंपनीच्या वाटाड्यांनी छातीठोकपणे सांगितले, तिथे उतार नाही. जनरलने समोरासमोरची गावे पाहून उतार असणारच असा अंदाज बांधला, एका अधिकाऱ्याला पाठवून खात्री करून घेतली आणि फौज तिथून पार केली. इंग्रजी इतिहासांत हा प्रसंग अलौकिक बुद्धीचा दाखला म्हणून येतो. खरे तर दोन काठांवरच्या दोन गावांत बाजारहाट आणि सोयरीक चालते म्हणजे पाण्यातून वाट असणारच, हे भोकरदन तालुक्यातला कोणीही शेतकरी सांगू शकला असता.

खरा प्रश्न तो उतार मोकळा का राहिला, हा आहे. हजारो घोडी चाऱ्यापाण्यासाठी रोज या काठांवर फिरत होती. वाट माहीत नव्हती असे म्हणणे कठीण. आपल्याकडचे ठरलेले उत्तर म्हणजे फितुरी. त्याला आधार आहे: शिंद्यांच्या चाकरीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी बाहेर पडावे, त्यांची सोय लावू, असा जाहीरनामा कंपनीने त्याच वर्षी काढला होता आणि कित्येक जण गेलेही. पण असईवर कंपूंची सूत्रे ज्याच्या हाती होती तो हॅनोव्हरचा जर्मन पोलमन जागेवरच राहिला. पुढे तो कंपनीच्या चाकरीत शिरला म्हणून त्याच्यावर संशय घेतला जातो. मात्र कंपनीची फौज बगलेवरून येते आहे हे दिसताच त्याने आपली अख्खी रांग काटकोनात फिरवली. उजवी बाजू केळणेला, डावी असईच्या मातीच्या तटाला टेकवून तोफा पूर्वेकडे रोखल्या. फितूर माणूस एवढी कवायत कशाला करील?

आणि गोलंदाज? ते तोफा सोडून हलले नाहीत. संगिनी अंगावर येईपर्यंत गोळे सोडत राहिले. काही जण मेल्याचे सोंग घेऊन पडले आणि कंपनीची रांग पुढे सरकताच त्यांनी मागून पुन्हा बत्ती दिली. उजव्या टोकाची कंपनीची तुकडी भरकटून थेट असईच्या तटासमोर गेली. तिच्यामागून गेलेली ७४वी स्कॉटिश पलटण तिथे जवळजवळ कापली गेली. घोडदळ धावून आले नसते तर काही उरले नसते. नदी ओलांडून लढलेल्या सुमारे ४,५०० जणांपैकी कंपनीचे ४२८ ठार, १,१३८ जखमी आणि १८ बेपत्ता. समोर कवायती पायदळ सुमारे ११,०००. प्रचंड मराठी घोडदळ मात्र जवळपास नुसते उभे राहिले आणि शिंदे आणि भोसले हे दोन्ही धनी सुरुवातीलाच मागे सरले. फितुरीपेक्षा हे दुखणे मोठे: एका सैन्याला दोन मालक, आणि रणात हुकूम द्यायला एकही नाही. संध्याकाळी कंपू जुई ओलांडून गेले. शंभराच्या आसपास तोफा मागे राहिल्या.

लढाईचे नाव नंतर कुठे कुठे गेले ते पाहण्यासारखे आहे. विजयी पलटणींना ‘असई’ शब्द आणि हत्तीचे चिन्ह मिळाले. मद्रास रेजिमेंटच्या बोधचिन्हात तो हत्ती अजून आहे. बेंगळुरूत असई रोड आहे. स्वतंत्र भारताच्या लष्कराने मात्र देशी सत्तांविरुद्धचे असले युद्धसन्मान साजरे करायचे नाहीत असे ठरवले.

जायचे तर जानेवारीनंतर जावे. पावसाळ्यात काळी माती बुटांना किलोकिलोने चिकटते आणि मका-कपाशी उभी असताना दहा पावलांपलीकडचे दिसत नाही. असई भोकरदनपासून पूर्वेला बाराएक किलोमीटर. पिंपळगाव विचारताना असईजवळचे, केळणेकाठचे असे स्पष्ट सांगावे. नाहीतर मिरचीच्या बाजाराच्या पिंपळगाव रेणुकाईला पोचाल.

बहुतेक जण आधी असईत उतरतात, दक्षिणेला नदीकडे पाहतात आणि त्यांना काहीच उमगत नाही, कारण ती तोफा फिरवण्याआधीची दिशा. आधी नळणीच्या बाजूने यावे, दक्षिण काठावरून समोरचा प्रदेश पाहावा, मग उतारावर जावे. तिथे दरड किती उभी आहे ते बघितले की बैलांनी तोफा वर कशा ओढल्या असतील याचा अंदाज येतो. पलीकडे गेल्यावर पूर्वेला पाठ करावी. डावीकडे केळणा, उजवीकडे जुई, मध्ये जेमतेम दीड किलोमीटर रुंदीची जीभ; लढाई एवढ्यात झाली. शक्यतो दुपारी तीननंतर चालावे. कंपनीची रांग त्याच सुमारास पश्चिमेकडे निघाली होती, आणि आभाळ मोकळे असेल तर मावळतीचे ऊन नेमके कोणाच्या डोळ्यांवर येते ते तिथे आपोआप कळते.

शेतात शिरण्याआधी मालकाला विचारावे. गोळा किंवा नाणे सापडले तर खिशात घालू नये: जमिनीत दडलेली १० रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास कलेक्टरला कळवण्याचे बंधन १८७८च्या निखात निधी कायद्याने घातलेले आहे.