केसपेपरवरचा पत्ता पुढे कुठे जातो?

अपुऱ्या कागदपत्रांनिशी परदेशात राहणाऱ्या स्थलांतरितांना सरकारी आरोग्यसेवा द्यावी की नाही, हा वाद बहुतेक वेळा पैशांवरच घातला जातो. खर्च कोणी सोसायचा, करदात्यांवर किती बोजा पडेल, फुकट उपचार मिळतात म्हणून लोक मुद्दाम येतील का, वगैरे. गेल्या तीसेक वर्षांचा इतिहास चाळला तर घोडे भलतीकडेच पेंड खाताना दिसते. माणूस दवाखान्यात जातो, केसपेपर निघतो, त्यावर नाव, जन्मतारीख आणि राहता पत्ता लिहिला जातो. हा पत्ता डॉक्टरपाशीच राहणार की इमिग्रेशन खात्यापर्यंत पोहोचणार, याची खात्री नसेल तर कायद्यात कितीही हक्क लिहिलेले असोत, माणूस खिडकीपाशी फिरकत नाही.

फार मागे जाण्याची गरज नाही. परक्या माणसाच्या तब्येतीत सरकारांना पूर्वीपासून रस होता, पण तो त्याला वेशीवर अडवण्यापुरता. रागुसा म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकने १३७७ मध्येच साथीच्या गावांहून येणाऱ्यांना महिनाभर शहराबाहेर थांबवण्याचा नियम केला होता. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर १८९२ पासून उतरणाऱ्यांची तपासणी तर काही सेकंदांत उरके. डॉक्टरला संशय आला की कोटावर खडूने एक अक्षर उमटे, हृदयविकारासाठी एक, लंगडेपणासाठी दुसरे. खुपरी आहे का हे पाहण्यासाठी पापणी उलटवायला बुटांची बटणे लावायचा आकडा वापरला जाई. पश्चिम जर्मनीने १९६१ च्या करारानंतर तुर्कस्तानातून कामगार नेले, तेव्हाही इस्तंबूलमध्ये गटागटाने कपडे उतरवून त्यांची तपासणी होत असे. निरोगी हात हवे होते. हे हात पुढे आजारी पडले तर काय, याचा विचार १९७३ मध्ये भरती थांबली आणि कामगारांनी बायकामुलांना बोलावून घेतले, त्यानंतर सुरू झाला.

मानवी हक्कांचे जाहीरनामे वाचकांना माहीत आहेत. त्यातली मेख तेवढी लक्षात ठेवण्यासारखी आहे. स्थलांतरित कामगारांच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९९० मध्ये मंजूर झाला. त्याच्या २८ व्या कलमानुसार कागदपत्रे नसली तरी जीव वाचवण्यासाठी किंवा कायमची हानी टाळण्यासाठी तातडीचे उपचार नाकारता येत नाहीत. ‘तातडीचे’ या शब्दाचा अर्थ ज्याने त्याने सोयीने लावला. मधुमेहाच्या रुग्णाला रोजचे इन्सुलिन मिळत नाही, पण त्यावाचून तो बेशुद्ध पडला की अतिदक्षता विभागाचे दार उघडते. हे स्वस्त पडते असे कोणता हिशेबनीस म्हणेल? शिवाय ज्या श्रीमंत देशांकडे कामगारांचा ओघ आहे, त्या पश्चिम युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या देशांनी या कराराला मान्यताच दिली नाही.

खरी वळणे नव्वदच्या दशकात आली. जर्मनीने १९९३ च्या कायद्याने आश्रयार्थींचे उपचार तीव्र आजार आणि वेदना यांपुरते मर्यादित केले. कॅलिफोर्नियात १९९४ मध्ये मतदारांनी कौल दिला की कागदपत्रे नसलेल्यांना आणीबाणीपलीकडे सरकारी उपचार मिळू नयेत आणि दवाखान्यांनी अशा लोकांची खबर सरकारला द्यावी. न्यायालयाने तो कायदा अडवला, पण दवाखान्याला खबऱ्या बनवता येईल ही कल्पना तेव्हापासून राजकारणात राहिली ती राहिलीच.

इटलीने नेमके उलटे केले. तिथल्या १९९८ च्या कायद्यात तातडीच्याच नव्हे तर आवश्यक आणि चालू राहणाऱ्या उपचारांचीही हमी आहे. त्याहून मोलाचे एक छोटे वाक्य आहे: रुग्ण उपचाराला आला म्हणून त्याची खबर अधिकाऱ्यांना देता येणार नाही. अशा रुग्णाला नावाऐवजी सांकेतिक क्रमांकावर उपचार घेता येतात. फेब्रुवारी २००९ मध्ये तिथल्या सिनेटने हे वाक्य काढून टाकण्याच्या बाजूने मत दिले. डॉक्टर आणि परिचारिका रस्त्यावर उतरले. आम्ही हेर नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जुलैत अंतिम कायदा आला तेव्हा बदल गळाला होता आणि वाक्य शाबूत होते.

ब्रिटनमध्ये मात्र रुग्णाची खबर गृहखात्याला देण्याची गोष्ट कायद्यात बदल न करता, दोन खात्यांमधल्या कागदी समझोत्याने साधली गेली. म्हणून ती जरा सविस्तर सांगायला हवी. तिथली सरकारी आरोग्यसेवा १९४८ मध्ये सुरू झाली तेव्हा परदेशी पाहुण्यांनाही मोफत होती. त्यांच्याकडून पैसे घेण्याचा अधिकार सरकारने १९४९ मध्येच कायद्यात घालून ठेवला, पण प्रत्यक्ष आकारणी १९८२ मध्ये सुरू झाली. फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवणे तेवढे सर्वांना खुले राहिले. जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या समझोत्यानुसार, रुग्णांची नोंदणी सांभाळणारी संस्था गृहखात्याला हव्या असलेल्या लोकांची माहिती देऊ लागली. विनंत्या त्याआधीपासूनच जात होत्या. २०१६ च्या पहिल्या अकरा महिन्यांतच त्यांचा आकडा आठ हजारांवर गेला होता.

सरकारचा युक्तिवाद वरकरणी चोख होता. आम्ही आजाराची माहिती देत नाही, केवळ नाव, जन्मतारीख आणि पत्ता देतो, आणि करांच्या पैशावर चालणारी सेवा घेणाऱ्याने ही माहिती दुसऱ्या सरकारी खात्याला जाणारच नाही असे गृहीत धरू नये. इथेच सगळी गल्लत आहे. ज्याला पकडले जाण्याची धास्ती आहे त्याला आपला रक्तदाब कोणाला कळला याचे काय? त्याचे सगळ्यात नाजूक गुपित पत्ता हेच असते, आणि तो त्याने दिला होता तो डॉक्टरला. बरे, क्षयाची सहा महिन्यांची औषधे अर्धवट सोडून पत्ता बदलणारा रुग्ण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दृष्टीनेही परवडणारा नाही. संसदेच्या आरोग्य समितीने जानेवारी २०१८ मध्ये हा प्रकार थांबवायला सांगितले. मंत्र्यांनी नकार दिला. तेवढ्यात विंडरश प्रकरण उघडकीला आले. दशकानुदशके कायदेशीर राहिलेल्या कॅरिबियन वंशाच्या लोकांनाच कागदपत्रांवाचून उपचार आणि नोकऱ्या नाकारल्या गेल्या होत्या. वातावरण फिरले. मे महिन्यात माहितीची देवाणघेवाण गंभीर गुन्ह्यांपुरती मर्यादित झाली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये समझोता औपचारिकरीत्या मागे घेतला गेला. जाता जाता एक नोंद: रुग्णालयाचे पाचशे पौंडांहून अधिक बिल थकले तर गृहखात्याला कळवण्याची दुसरी वाट या माघारीनंतरही खुली राहिली, आणि त्या बिलात उपचाराच्या खर्चाच्या दीडपट रक्कम लावली जाते.

स्पेनचा हेलकावा याच काळातला. पालिकेच्या रहिवासी नोंदवहीत नाव असले की उपचार, ही तिथली सोय आर्थिक मंदीत २०१२ च्या हुकुमाने काढली गेली. काही प्रांतांनी तो हुकूम जुमानलाच नाही. २०१८ मध्ये सरकार बदलले आणि सोय बव्हंशी परत आली. मधल्या सहा वर्षांत नेमके कोण पात्र, हे नोंदणीच्या खिडकीमागच्या कारकुनांनाही धड सांगता येत नव्हते.

माहितीचा प्रश्न इथूनच निघतो. भाषा हा त्याचा एक भाग. ऑस्ट्रेलियाने १९७३ मध्येच टेलिफोनवरून दुभाषी पुरवायला सुरुवात केली, तर नेदरलँड्सने २०१२ मध्ये दवाखान्यांतल्या दुभाष्यांचे सरकारी अनुदान बंद केले. मग आईचे दुखणे डॉक्टरला समजावून सांगायची वेळ शाळकरी मुलीवर येते आणि आई निम्म्या गोष्टी गिळून टाकते. अमेरिकेने २०१६ मध्ये, आणीबाणी सोडून, मुलांना दुभाषी म्हणून वापरायला मनाई केली ती याच कारणाने. थायलंडने २००१ पासून म्यानमार, लाओस आणि कंबोडियातून आलेल्या कामगारांना विकतचा आरोग्यविमा दिला आणि त्यांच्यातलेच लोक आरोग्यसेवक म्हणून नेमले. भाषांतरित पत्रकांच्या गठ्ठ्यांपेक्षा ही सोय अधिक कामाची, कारण आपल्या माणसाला ‘तिथे गेले तर पकडतील का हो?’ असे विचारता येते. पत्रकात हे उत्तर सहसा नसते.

कोविडने हे सारे उघडे पाडले. सिंगापूरमध्ये एप्रिल २०२० मध्ये साथ भडकली ती दाटीवाटीच्या कामगार वसतिगृहांत. पोर्तुगालने मार्चमध्येच, अर्ज प्रलंबित असलेल्या स्थलांतरितांना तात्पुरते कायदेशीर धरून उपचारांची वाट मोकळी केली. ऑस्ट्रेलियात मास्कविषयीच्या एका सरकारी पत्रकात फारसी आणि अरबीची सरमिसळ झाली. ब्रिटनने लसीसाठी कागदपत्रे तपासली जाणार नाहीत असे जाहीर केले, पण २०१७ ची आठवण असलेल्यांनी त्यावर लगेच विश्वास का ठेवावा? अमेरिकेत २०२५ मध्ये गरिबांच्या आरोग्यविम्यातली माहिती इमिग्रेशन यंत्रणेला दिली गेली आणि वाद न्यायालयात गेला, म्हणजे प्रश्न जुना झालेला नाही.

जर्मनीत तर तो कायद्यातच आहे. कागदपत्रे नसलेल्या माणसाला साध्या उपचारांसाठी आधी समाजकल्याण कार्यालयातून कागद आणावा लागतो, आणि त्या कार्यालयावर त्याची खबर परदेशी नागरिक विभागाला देण्याचे बंधन आहे. आणीबाणीत रुग्णालयाने उपचार करून मागाहून खर्च मागितला तर गोपनीयता पाळली जाते, एवढीच सवलत. आजारी माणसे उपचारांपासून दूर राहू नयेत म्हणून हे बंधन बदलू, असे २०२१ च्या सत्ताधारी आघाडीने आपल्या करारात लिहिले होते. ती आघाडी नोव्हेंबर २०२४ मध्ये फुटली. कलम तसेच राहिले.