गणिताचे ठोकळे आले कुठून?

१८१२ साली नेपोलियनच्या रशिया मोहिमेत झाँ-व्हिक्टर पाँसले हा तरुण फ्रेंच लष्करी अभियंता पकडला गेला आणि साराटोव्हला कैदेत राहिला. हाताशी पुस्तके नसताना त्याने तिथे प्रक्षेपीय भूमितीचा (प्रतिमा पाडल्यावर आकृतीचे कोणते गुण टिकतात हे पाहणाऱ्या शाखेचा) पाया घातला, हे गणिताच्या इतिहासात नोंदलेले आहे. सुटून आल्यावर त्याने आणखी एक गोष्ट केली. रशियात सर्रास वापरली जाणारी तारांवरच्या मण्यांची चौकट त्याने फ्रान्समधल्या मेत्झ शहराच्या शाळांमध्ये आणली. युरोपात मोजपाट्या पूर्वी होत्याच, पण कागदावरची आकडेमोड रुळल्यावर त्या मागे पडल्या होत्या. हिशेबातून बाद झालेली वस्तू आता शिकवण्यासाठी परत आली. हिशेबनीसाला उत्तर पटकन हवे असते, तर मुलाला ते कसे येते हे दिसायला हवे असते. मणी तेच, काम निराळे.

त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये शिक्षणतज्ज्ञ पेस्टालॉझी आधी वस्तू, मग शब्द असा आग्रह धरत होते. त्यांच्याकडे काही काळ राहिलेल्या फ्रीडरिश फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीत लहान मुलांसाठी संस्था काढली. तीच पुढे किंडरगार्टन म्हणून ओळखली गेली. फ्रोबेल यांनी बर्लिनमध्ये स्फटिकशास्त्रज्ञाच्या हाताखाली काम केले होते आणि त्याची छाप त्यांच्या साधनसंचांत दिसते. तिसऱ्या संचात एक लाकडी घन आठ छोट्या घनांत सुटतो आणि पुन्हा जुळतो. १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने या शाळांवर बंदी घातली, तीही बहुधा फ्रोबेल आणि त्यांच्या समाजवादी पुतण्याची गल्लत करून. बंदी १८६० मध्ये उठली, पण ते पाहायला फ्रोबेल हयात नव्हते.

१९०७ मध्ये रोममध्ये काम सुरू करणाऱ्या मारिया माँटेसरी यांनी सोनेरी मण्यांतून एकक, दशक, शतक आणि हजार हातात दिले: सुटा मणी, दहाची काडी, शंभराचा चौरस, हजाराचा घन. हजाराचा घन उचलला की तो जड लागतो, आणि तिथेच निम्मे काम होते.

सर्वांत रंजक टप्पा मात्र १९५० नंतरचा. बेल्जियममधल्या त्युँ गावचे शिक्षक जॉर्ज क्विझनेर यांनी १९५२ मध्ये एक ते दहा सेंटीमीटर लांबीच्या रंगीत पट्ट्यांवर पुस्तिका काढली. पुढच्याच वर्षी गणितशिक्षणाचे अभ्यासक कॅलेब गातेन्यो यांनी त्या पाहिल्या आणि देशोदेशी नेल्या. या पट्ट्यांवर मुद्दामच खुणा नाहीत. नारिंगी पट्टी दहा मानली तर पिवळी पाच. नारिंगीलाच एक मानले तर पिवळी अर्धी. म्हणजे अपूर्णांकासाठी वेगळे साधन लागत नाही.

हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ झोल्टान डीन्स आणखी पुढे गेले. आज शाळांच्या कपाटात दिसणारे दशक-एककाचे ठोकळे त्यांच्या कल्पनेची अर्धवट आवृत्ती आहेत. त्यांच्या पेटीत तीनच्या, चारच्या, पाचच्या पायाचेही संच होते. तीनच्या संचात तीन सुटे ठोकळे जमले की एक काडी, तीन काड्यांची एक फरशी, तीन फरशांचा एक मोठा ठोकळा. दोन आणि दोन सुटे एकत्र आले तर मुलाने त्यातले तीन देऊन काडी घ्यायची. उरतात एक काडी आणि एक सुटा. हातचा म्हणजे काय हे मुलाला कळावे, पण त्याने ते दहाशी जखडू नये, यासाठी हा सारा खटाटोप. पुढे ‘नव्या गणिता’ची, म्हणजे शाळेत गणिताची अमूर्त रचना शिकवण्याच्या चळवळीची, लाट ओसरली. शाळांनी दहाचा संच ठेवला आणि बाकीचे काढून टाकले. मला हे साधनांच्या इतिहासातले मोठे नुकसान वाटते.

वस्तू हाताळल्याने गणित खरेच कळते का, अशा शंका पुढे आल्याच. १९९२ मध्ये गणितशिक्षणाच्या अमेरिकी अभ्यासक डेबोरा बॉल यांनी लिहिले की समज बोटांतून दंडात चढत नाही. मानसशास्त्रज्ञ ज्यूडी डीलोश यांचे प्रयोग याहून बोलके आहेत. खोलीच्या छोट्या प्रतिकृतीत खेळणे कुठे लपवले ते मुलाला दाखवायचे आणि खऱ्या खोलीत तसेच शोधायला सांगायचे. अडीच वर्षांची मुले यात सहसा चुकत. प्रतिकृती काचेआड ठेवली तेव्हा या मुलांची कामगिरी सुधारली. उलट तीन वर्षांच्या मुलांना प्रतिकृतीशी आधी खेळू दिले तेव्हा त्यांची कामगिरी घसरली. वस्तू खेळणे म्हणून जितकी आवडते तितकी ती दुसऱ्या कशाची तरी खूण आहे हे विसरायला होते. म्हणून फळ-प्राण्यांच्या आकाराच्या झगमगीत मोजणी-वस्तूंपेक्षा साधे लाकडी ठोकळे बरे, असा निष्कर्ष मी तरी काढतो. २०१३ मध्ये ५५ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात साधनांचा फायदा दिसला, पण तो लहान ते मध्यमच, आणि शिक्षकाच्या मार्गदर्शनानुसार बदलणारा.

या साधनांची संगणकावरची शाखा १९६७ च्या लोगो या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेपासून सुरू होते. २००१ मध्ये साल्झबर्गला मार्कुस होहेनवार्टर यांनी जिओजेब्रा हे गणिताचे सॉफ्टवेअर सुरू केले. त्यात त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढावा तसे तिन्ही कोन बदलत राहतात आणि बेरीज १८० अंशच राहते. लाकडाला हे जमत नाही. ठोकळ्यांच्या काही प्रोग्रॅममध्ये मात्र दहा सुटे एकत्र ओढले की त्यांची काडी आपोआप बनते. डीन्स यांनी नेमकी हीच अदलाबदल मुलाच्या हातासाठी राखून ठेवली होती.