न्यूवॉटर

न्यूवॉटर : सिंगापूरमध्ये सांडपाण्यावर प्रगत प्रक्रिया करून मिळवलेल्या अतिशुद्ध पाण्याचे अधिकृत नाव. त्याचा नियमित पुरवठा २००३ मध्ये सुरू झाला. देशातील जलाशय, मलेशियाच्या जोहोर राज्यातून घेतलेले पाणी, न्यूवॉटर आणि निःक्षारित समुद्रजल असे तेथील पाण्याचे चार स्रोत मानले जातात. जोहोरकडून दररोज २५ कोटी गॅलनपर्यंत पाणी घेण्याची मुभा देणारा १९६२ चा करार २०६१ मध्ये संपतो. पर्यायांच्या शोधामागे हे मोठे कारण होते.

न्यूवॉटरच्या उगमाविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार त्याची सुरुवात १९७४ मध्ये जुरोंग येथे उभारलेल्या प्रायोगिक संयंत्रापासून धरावी. मात्र खर्च फार आणि पटले (पाणी गाळणारे पातळ पडदे) बेभरवशाची, म्हणून ते थोड्याच काळात बंद पडले. दुसरे मत या तंत्राचे मूळ कॅलिफोर्नियातील ऑरेंज परगण्यात पाहते. तेथे १९७० नंतरच्या दशकात व्युत्क्रमी परासरणाने (आरओ) शुद्ध केलेले सांडपाणी भूजलात सोडण्यास सुरुवात झाली होती. नामिबियातील विंडहूकने तर १९६८ पासूनच शुद्ध केलेले सांडपाणी पिण्याच्या पुरवठ्यात मिसळले; तेथील मूळ प्रक्रिया मात्र वेगळी होती. १९९८ मध्ये सिंगापूरने नव्याने अभ्यास हाती घेतला, तेव्हा पटलांचे तंत्र परदेशात सिद्ध झालेले होते. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. सिंगापूरचे नावीन्य व्यवस्थेत आहे : २००१ मध्ये मलनिस्सारण आणि पावसाळी पाण्याचा निचरा ही कामेही पाणीपुरवठा पाहणाऱ्या पब्लिक युटिलिटीज बोर्डाकडे आली आणि सांडपाणी व नळाचे पाणी एकाच संस्थेच्या हिशेबात बसले.

नेहमीच्या शुद्धीकरणानंतर पाणी सूक्ष्म गाळणीतून जाते. तेथे तरंगते कण व जीवाणू अडतात. पुढे व्युत्क्रमी परासरणात विरघळलेले क्षार, विषाणू व सेंद्रिय द्रव्ये बहुतांशी वेगळी होतात. शेवटी जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) किरणांचा मारा करतात आणि अल्कधर्मी रसायने मिसळून सामू (आम्ल-अल्कतेचे माप, पीएच) योग्य पातळीवर आणतात. पटलांवर जीवाणूंचा थर साचणे ही मुख्य अडचण असते. मुक्त क्लोरीन पॉलिअमाइड या प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या पटलांना मारक असल्याने त्याऐवजी क्लोरामाइन (क्लोरीन व अमोनियापासून बनणारे सौम्य जंतुनाशक) वापरतात.

क्षार अत्यल्प असल्याने अर्धवाहक (इलेक्ट्रॉनिक चिप बनवणाऱ्या) उद्योगाला हे पाणी नळाच्या पाण्यापेक्षा सोयीचे पडते आणि बहुतेक पुरवठा उद्योगांकडेच जातो. थोडा भाग जलाशयांत सोडून पुन्हा शुद्ध केला जातो. तज्ज्ञ समितीने २००२ मध्ये ते पिण्यास सुरक्षित ठरवले. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय दिनाच्या संचलनात त्याच्या बाटल्या वाटण्यात आल्या. लोकांनी ते स्वीकारण्यामागे शास्त्रीय अहवालाइतकाच अशा जाहीर कार्यक्रमांचाही वाटा असावा.

पहिली संयंत्रे बेडोक व क्रांजी येथे सुरू झाली. नंतर सेलेटार (२०११ मध्ये बंद), उलू पांदान आणि चांगी येथील संयंत्रांची भर पडली. चांगीला सांडपाणी खोल भूमिगत बोगद्यातून येते.