येरवड्याला की सिव्हिललाच? मानसिक रुग्णाच्या भरतीसाठी पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

घरचे पहिल्यांदा विचारतात ते येरवड्याचंच, म्हणजे पुण्यातल्या सरकारी मनोरुग्णालयाचं. पण मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 प्रमाणे कमी बंधनात उपचार होत असतील, तर जास्त बंधनात ठेवता येत नाही. म्हणून सुरुवात सिव्हिलच्या, म्हणजे जिल्हा रुग्णालयाच्या, मानसोपचार ओपीडीतून करा. तिथेच भागलं तर पुण्यापर्यंतची धावपळ वाचते. कोर्टाची ऑर्डर आधी आणा, असं कुणी सांगितलं तर ती जुन्या 1987 च्या कायद्याची गोष्ट. घरच्यांच्या अर्जाला आता ती लागत नाही.

रुग्णाला भरती कशासाठी हे कळत असेल आणि तो राजी असेल, तर त्याची स्वतःची सही पुरते. त्याने घरी जायचं म्हटलं की सोडावं लागतं. धोका वाटल्यास फेरतपासणीसाठी डॉक्टर 24 तास थांबवू शकतात.

तो निर्णय घेण्याच्या स्थितीतच नसेल, तर याच कायद्याचं कलम 89. इथे अर्ज नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे रुग्णाच्या वतीने बोलायला नेमलेली व्यक्ती, करतो. अलीकडे स्वतःला इजा करण्याची धमकी किंवा प्रयत्न, दुसऱ्यावर हिंसा किंवा दहशत, नाहीतर स्वतःला इजा होण्याचा धोका असेल इतकी स्वतःची आबाळ, यांपैकी एक तरी गोष्ट दिसायला हवी. एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरे मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, असे दोघे वेगवेगळे तपासतात, तेही भरतीच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत. दहा दिवसांपूर्वीचा दाखला घेऊन गेलात, तर तपासणी पुन्हा होणार.

अर्ज अडतो तो बहुधा माहितीच्या मोघमपणामुळे. "फार त्रास देतो" यावरून धोका ठरत नाही. "सोमवारी रात्री विळा घेऊन भावाच्या अंगावर धावला, तीन दिवस जेवला नाही, गोळ्या महिनाभर बंद" असं वार-तारखेसह लिहा. घडलं नसेल ते मात्र चढवून लिहू नका. कोणत्या वॉर्डात, किती देखरेखीत ठेवायचं हेही याच माहितीवरून ठरतं.

सोबत रुग्णाचं आणि प्रतिनिधीचं ओळखपत्र, जुने केसपेपर, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि असल्यास रुग्णाचा आगाऊ निर्देश (आपल्यावर कसे उपचार व्हावेत हे त्याने आधीच लिहून ठेवलेला कागद) ठेवा. प्रतिनिधीची नेमणूक साध्या कागदावर, रुग्णाच्या सहीने किंवा अंगठ्याने होते. प्रतिनिधी सज्ञान हवा, आणि फोन उचलणारा असलेला बरा, कारण रुग्णाच्या निर्णयक्षमतेची तपासणी दर आठवड्याला होते. दारिद्र्यरेषेखालील रुग्णाला सरकारी दवाखान्यात उपचार मोफत आहेत, कार्ड नसलं तरी.

ही भरती कमाल 30 दिवसांची. पुढे ठेवायचं तर दोन मनोविकारतज्ज्ञांची तपासणी आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची परवानगी लागते. आत साखळदंड किंवा एकांत कोठडी चालत नाही. बांधावंच लागलं, तर प्रतिनिधीला 24 तासांत कळवणं बंधनकारक आहे.

भरती चुकीची वाटली तर मंडळाकडे अर्ज करा. कलम 89 च्या प्रकरणात निकाल सात दिवसांत द्यायचा असतो. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो.