रुंद मनोऱ्यांतून निघतो तो धूर नव्हे

‘बघा, औष्णिक वीजकेंद्राच्या या अजस्र धुराड्यांतून किती विषारी धूर निघतोय!’ हा संदेश फोटोसकट वर्षानुवर्षं फिरतो आहे. फोटोत बहुधा कमरेत बारीक, बुडाशी रुंद असे मनोरे असतात. ते शीतकरण मनोरे, म्हणजे पाणी थंड करणारे मनोरे आहेत.

कोळशाच्या उष्णतेने बॉयलरमध्ये वाफ होते, तिच्यावर वीज तयार करणारं टर्बाइन फिरतं. काम झालेल्या वाफेचं पुन्हा पाणी करायला ती थंड पाण्याच्या नळ्यांवरून नेतात. नळ्यांतलं पाणी तापतं, मनोऱ्यात वरून शिंपडलं जातं आणि त्यातलं थोडं वाफ होऊन उडतं; फोटोत दिसतो तो ढग याचाच. जळत्या कोळशाशी या पाण्याची गाठच पडत नाही. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या केंद्राला यासाठी इरई धरणाचं पाणी लागतं.

स्वतः पाहता येईल: थंडीतल्या सकाळी हा पांढरा ढग दाट असतो, मे महिन्यातल्या दुपारी विरळ, आणि थोडं अंतर जाताच विरतो.

पण म्हणून प्रदूषणच नाही, असं मानणं त्याहून धोक्याचं. खरा धूर शेजारच्या उंच, निमुळत्या चिमणीतून जातो. राख पकडणारी यंत्रणा बहुतेक राख अडवते. सल्फर डायऑक्साइड हा घातक वायू मात्र डोळ्यांना दिसतच नाही. विजेची मागणी वाढली की कोळसाही जास्त जळतो, तेव्हा चंद्रपूरकरांची प्रदूषणाची तक्रार अगदी रास्त आहे. फोटो काढायचा तर चिमणीचा काढा, आणि सोबत हवा-मापन केंद्राचे त्या दिवसाचे सल्फर डायऑक्साइड व सूक्ष्म कणांचे आकडे जोडा. ते इंटरनेटवर सर्वांना बघता येतात.