थंडरबर्डला जीमेलचा पासवर्ड का चालत नाही?

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा पाठिंबा थांबवला. पण सिल्व्हर मॉल या संगणक-बाजारातून आणलेले पीसी इंदूरच्या मराठी घरांत आणि मंडळांत अजून ठणठणीत आहेत. ते भंगारात घालायचं जिवावर आलं म्हणून काहींनी त्यांवर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली टाकली. त्यात थंडरबर्ड हा ईमेल वाचण्या-पाठवण्याचा प्रोग्राम आयताच मिळतो. रामबागेतल्या एका मंडळाच्या कार्यवाहांनी जुनी माहिती वाचून त्यात मंडळाचं जीमेल हातानं जोडलं, तर पासवर्ड अचूक असूनही थंडरबर्ड तो पुन्हापुन्हा मागत राहिलं. खापर अर्थातच लिनक्सवर फुटलं.

खरं तर ईमेल देणाऱ्या कंपन्या आणि बाहेरचे मेल-प्रोग्राम यांचं हे भांडण फार जुनं आहे, आणि त्यात तंत्रापेक्षा धंद्याचा वाटा मोठा.

ईमेलचं टपाल आपल्या मशीनवर उतरवून घेण्याचा पॉप हा प्रोटोकॉल, म्हणजे मशीनांनी आपसांत बोलण्याचे नियम, १९८४चा. टपाल सर्व्हरवरच ठेवून वाचण्याचा आयमॅप १९८६चा, स्टॅनफर्डच्या मार्क क्रिस्पिन यांचा. दोन्ही खुले, कुठल्याही प्रोग्रामला वापरता येणारे. डायल-अपच्या काळात याची किंमत कळे : लाइन जोडायची, पत्रं उतरवायची, लाइन तोडायची आणि मग निवांत उत्तरं लिहायची, फोनचं बिल आटोक्यात.

४ जुलै १९९६ला हॉटमेल आलं. पत्रं ब्राउझरमध्ये, फुकट, खर्च जाहिरातींवर. वाचक स्वतःच्या प्रोग्राममध्ये पत्र वाचू लागला की जाहिरात कोण बघणार? म्हणून एप्रिल २००२मध्ये याहूनं फुकटचं पॉप बंद करून त्याला पैसे लावले. तोवर मायक्रोसॉफ्टच्या झालेल्या हॉटमेलनं आउटलुक एक्स्प्रेस या मेल-प्रोग्रामसाठी एक वेगळी वाट ठेवली होती, ती मायक्रोसॉफ्टच्या घरातली. लिनक्सवाल्यांनी ती शोधून काढली. हॉटवेडी नावाचा छोटा प्रोग्राम आपल्याच मशीनवर पॉप सर्व्हरचं सोंग घेई. लिनक्सवरचा इव्होल्यूशन हा मेल-प्रोग्राम त्याच्याकडे पत्रं मागे आणि तो मागच्या दारानं हॉटमेलकडून आणून देई. फेचयाहू ही पर्ल स्क्रिप्ट तर माणसासारखी लॉगिन करून वेबपानांतून पत्रं वेचायची. याहूनं पानाची मांडणी बदलली की तिचा कारभार आटोपला, नवी आवृत्ती येईपर्यंत. २००४मध्ये हॉटमेलची ती वाटही नव्या फुकट खात्यांना बंद झाली.

त्याच वर्षी १ एप्रिलला जीमेल आलं, १ जीबी जागेसह. तेव्हा फुकटच्या हॉटमेलमध्ये जेमतेम २ एमबी मिळत. नोव्हेंबरात जीमेलनं पॉप फुकट दिलं, २००७मध्ये आयमॅप. स्पर्धेपुढे मायक्रोसॉफ्टही नमलं : हॉटमेलला २००९मध्ये पॉप, त्याच्या नव्या अवताराला, आउटलुक डॉट कॉमला, २०१३मध्ये आयमॅप. पुढची काही वर्षं सुखाची गेली.

आताचा अडसर वेगळ्या कारणाचा आहे. प्रोग्राममध्ये साठवलेला पासवर्ड चोरीला गेला की अख्खं खातं गेलं. म्हणून गूगलनं ३० मे २०२२पासून वैयक्तिक खात्यांना नुसत्या पासवर्डनं येणाऱ्या प्रोग्रामांना दार लावलं. मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर २०२४मध्ये. त्याजागी ओऑथ : लॉगिन गूगलच्या पानावर होतं आणि प्रोग्रामला पासवर्ड न कळता फक्त एक परवाना मिळतो. कल्पना चोख आहे. पण त्यासाठी प्रोग्राम आधी गूगलकडे नोंदवलेला लागतो. थंडरबर्ड, इव्होल्यूशन नोंदवलेले आहेत. मटसारखे टर्मिनलमधले, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या खिडकीत चालणारे, मेल-प्रोग्राम वापरणाऱ्यांनी मात्र खटपट करत बसायचं. म्हणजे खुल्या प्रोटोकॉलच्या फाटकावर पुन्हा कंपनीचाच पहारेकरी. हे मला पटत नाही.

थंडरबर्डमध्ये खात्याच्या सर्व्हर सेटिंगमध्ये आयमॅपचं पोर्ट ९९३ ठेवून प्रमाणीकरणाची पद्धत ‘सामान्य पासवर्ड’वरून ‘ओऑथ२’ करायची. पत्रं पाठवण्याच्या सर्व्हरलाही तेच; हे हमखास राहून जातं. लॉगिनची खिडकी उघडूनही गाडी पुढे सरकत नसेल, तर थंडरबर्डच्या गोपनीयता सेटिंगमध्ये कुकीज बंद आहेत का ते पाहावं. ओऑथ नसलेल्या प्रोग्रामसाठी जीमेल खात्यावर दुहेरी पडताळणी चालू करून १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड, म्हणजे त्या प्रोग्रामपुरता वेगळा पासवर्ड, घेता येतो. संस्थेच्या खात्याचा पडताळणी कोड कुणाच्या मोबाइलवर जातो, हे मात्र आधीच ठरवून घ्यावं. दर निवडणुकीनंतर कार्यवाह बदलतात, नंबर तोच राहतो.